मोडलेली शपथ आणि संसार

दारूच्या व्यसनाने ग्रासलेल्या घरातील सर्वांत कठीण दिवस कोणता, असा प्रश्न केला तर पुष्कळांना वाटेल की, ज्या दिवशी कर्ता पुरुष प्रथम झिंगून घरी आला तोच. परंतु ज्या स्त्रियांनी असा संसार केला आहे, त्यांच्यापैकी अनेकींचे उत्तर निराळे येईल. पती रोज पीत होता तेव्हा घरात आशाच नव्हती. आणि जेथे आशा नाही तेथे निराशेलाही फारसे काम उरत नाही. पुढे त्याने दारू सोडली. चार महिने गेले, आठ महिने गेले. पगार घरी येऊ लागला, मुले बापाजवळ बसून अभ्यास करू लागली, लग्नकार्याला जोडीने जाण्याची लाज वाटेनाशी झाली. आणि एका संध्याकाळी दार उघडताच तोच ओळखीचा दर्प नाकाशी आला. पहिल्या दिवशी जे कोसळले ते एक घर होते. या दिवशी कोसळते ते मोठ्या कष्टाने दुसऱ्यांदा उभारलेले घर होय.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील मंडळी या प्रसंगाला ‘रिलॅप्स’ म्हणतात. मराठीत त्यास पुनःपतन म्हणता येईल. या प्रसंगाचा अर्थ पती एक लावतो, पत्नी दुसरा लावते, आणि दोघांच्या अर्थांची जी टक्कर होते तीवरच पुष्कळ वेळा पुढचा प्याला अवलंबून असतो. म्हणून पुनःपतन टाळण्याच्या उपायांइतकाच, ते घडल्यावर त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षे व त्यावरील वयाच्या पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे १ टक्का दारू घेणारे आढळले. यास्तव या विवेचनात पिणारा तो पती व सोसणारी ती पत्नी असे धरले आहे. जेथे स्थिती उलट असेल तेथेही तत्त्व तेच लागू पडते.

आपल्या समाजात दारू सोडणे ही गोष्ट बहुधा शपथेच्या रूपाने घडते. कोणी कुलदैवतापुढे हात जोडतो, कोणी मुलाच्या मस्तकावर हात ठेवतो, कोणी गळ्यात तुळशीची माळ घालून वारकरी होतो. या चालीत बळ आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. माळेच्या आधाराने शेकडो संसार सावरले आहेत. परंतु शपथेच्या अंगी एक दोष असतो. तिला दोनच अवस्था ठाऊक असतात: पाळलेली आणि मोडलेली. अर्धी मोडली, जराशी ढळली, पुन्हा सांधली, असे शपथेविषयी कोणी बोलत नाही. त्यामुळे ज्या घराने मद्यत्यागाकडे केवळ शपथ म्हणून पाहिले, त्या घराला एका घोटानंतर सर्व संपले असेच वाटते.

ही समजूत दृढ होण्यास आपले एक थोर नाटकही कारण झाले आहे. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये निवर्तले आणि त्यांचे ‘एकच प्याला’ त्याच वर्षी रंगभूमीवर आले. बुद्धिमान वकील सुधाकर एका प्याल्याच्या वाटेने अधोगतीस जातो आणि पतिव्रता सिंधूचा व स्वतःचा घात करून घेतो, हे कथानक महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. ज्याने अद्याप प्याला हाती घेतला नाही त्याला त्या नाटकाचा धडा अत्यंत हितकर आहे. परंतु जो सहा महिने दूर राहून काल घसरला, त्याला तोच धडा घातक ठरू शकतो. पहिल्या प्याल्यानंतर परतीची वाट नाही, असे ज्याने मनोमन मानले, तो दुसऱ्या प्याल्याचा प्रतिकार कशासाठी करील?

पत्नी या प्रसंगाचा अर्थ कसा लावते, ते प्रथम पाहू. तिच्या दृष्टीने हा विश्वासघात असतो. त्याने आपल्याला व मुलांना शब्द दिला होता; तो मोडला; म्हणजे शब्दाला किंमत नाही, म्हणजे आपल्यालाही नाही, अशी तिच्या विचारांची साखळी असते. तिला मूर्ख म्हणण्याचा अधिकार कोणास नाही, कारण या साखळीची प्रत्येक कडी अनुभवाने घडलेली असते. मागे तिने दागिने गहाण पडताना पाहिलेले असतात, कचेरीतील साहेबांपुढे पतीसाठी खोटे बोललेले असते, शेजाऱ्यांच्या नजरा चुकविलेल्या असतात. मग ती खिसे तपासू लागते, पैशांचा हिशेब मागू लागते, तो पाच मिनिटे उशिरा आला तरी दाराशीच त्याच्या तोंडाचा वास घेते. घरची गृहिणी अशा रीतीने घरची पोलीस बनते. आणि हे काम तिने आनंदाने पत्करलेले नसते.

पतीचा अर्थ याहून वेगळा, पण तितकाच टोकाचा असतो. ‘आपण मुळातच नालायक आहोत’ असा तो निष्कर्ष काढतो. बाहेरून तो उर्मटपणा करील, सबबी सांगेल, ‘एकदाच घेतली, त्यात काय बिघडले’ असेही म्हणेल. परंतु आत लाजेने तो पोळलेला असतो, आणि लाज विसरण्याचे त्याला माहीत असलेले औषध एकच असते. सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी या अवस्थेचा बारकाईने अभ्यास केला. १९८५ साली त्यांनी ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका घोटाचे घसरणे आणि पूर्ण पुनःपतन यांत स्पष्ट भेद केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, पहिल्या घोटाने माणूस पुनः व्यसनाधीन होतोच असे नाही. त्या घोटाचा तो जो अर्थ लावतो त्याने पुष्कळदा होतो. ‘या प्रसंगी मी चुकलो’ असे जो म्हणतो तो सावरण्याची शक्यता अधिक. ‘मी असाच आहे’ असे जो म्हणतो तो आणखी पितो. या मानसिक घटनेस प्रतिज्ञाभंगाचा परिणाम म्हणता येईल.

आता या दोन अर्थांची गाठ कशी पडते ते लक्षात यावे. पत्नी संतापाने म्हणते, ‘तुम्ही कधी सुधारणार नाही.’ पती स्वतःशी नेमके तेच म्हणत असतो. तिच्या तोंडून ते ऐकताच त्याच्या शंकेवर शिक्कामोर्तब होते. तो बाहेर पडतो, आणखी पिऊन येतो. आणि तिच्या भाकितावरही शिक्कामोर्तब होते. दोघेही आपापल्या परीने खरे बोललेले असतात आणि दोघांचे मिळून अनहित होते. याचा अर्थ त्याच्या पिण्याचा दोष तिच्या बोलण्यावर आहे असा मुळीच नव्हे. प्याला त्याच्या हाताने उचललेला असतो. परंतु हे चक्र दोघांनाही दिसले तर ते थांबविण्याचा मार्ग सापडण्याजोगा असतो.

वैद्यकशास्त्र या प्रसंगाकडे तिसऱ्याच दृष्टीने पाहते. दीर्घकाळ मद्यसेवन केल्याने मेंदूतील सुखसंवेदनेची, ताण सोसण्याची व आत्मसंयमाची यंत्रणा बदलते. दारू बंद झाली म्हणून ती एका आठवड्यात पूर्ववत होत नाही. झोप, चित्ताची स्थिरता व स्मरण यांना सावरण्यास महिने लागतात. जुन्या गुत्त्याचा रस्ता, पगाराची तारीख, विशिष्ट मित्राचा आवाज, एवढ्यानेही सुप्त वासना चाळवते. दारू, तंबाखू व अफूजन्य अमली पदार्थ सोडणाऱ्यांच्या अनेक पाहण्या एकत्र करून १९७१ साली अमेरिकेत जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात घसरलेल्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश लोक पहिल्या तीन महिन्यांतच घसरल्याचे दिसले. पुढे २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक तुलना आली. उपचारानंतर वर्षभरात ४० ते ६० टक्के व्यसनी पुन्हा व्यसनाकडे वळतात; परंतु रक्तदाब व दमा यांच्या रोग्यांतही ५० ते ७० टक्के लोकांचा विकार प्रतिवर्षी उलटतो, कारण तेही पथ्य मोडतात व औषध चुकवितात. मधुमेह्याने श्रीखंड खाल्ले व साखर चढली म्हणून उपचार व्यर्थ गेले असे कोणी वैद्य म्हणत नाही. तो औषधयोजना तपासून पाहतो.

या तुलनेला एक मर्यादा मात्र आहे, आणि ती पत्नीच्या बाजूची आहे. मधुमेह्याच्या पथ्यभंगाने त्याचे स्वतःचे शरीर बिघडते. मद्यप्याच्या पथ्यभंगाने घरातील चार माणसांची झोप, अन्न व अब्रू धोक्यात येते. म्हणून ‘हा आजार आहे’ एवढे सांगून पत्नीची समजूत पटत नाही, आणि ती पटावी अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. आजार त्याचा असला तरी त्याची झळ दोघांची आहे, हे प्रथम मान्य झाले पाहिजे.

या दृष्टीने अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन या गावी १९३५ साली घडलेली एक हकीकत मननीय आहे. डॉ. रॉबर्ट स्मिथ हे तेथील शस्त्रवैद्य. मद्यासक्तीमुळे त्यांचा व्यवसाय बुडत चालला होता. त्या वर्षीच्या १२ मे रोजी त्यांची विल्यम विल्सन या न्यूयॉर्कच्या गृहस्थाशी गाठ पडली. विल्सन स्वतः काही महिन्यांपूर्वीच दारूतून सुटले होते. दोघांच्या बोलण्यातून डॉक्टरांना बळ आले. विल्सन त्यांच्याच घरी राहू लागले, व डॉक्टरांची पत्नी ॲन यांना कित्येक वर्षांनी चांगले दिवस दिसू लागले. इतक्यात अटलांटिक सिटी येथे भरणाऱ्या डॉक्टरांच्या अधिवेशनास जाण्याचा स्मिथ यांचा बेत ठरला. ॲन यांचे मन त्याला घेत नव्हते. डॉक्टर गेले, वाटेतच पिऊ लागले, आणि काही दिवसांनी अत्यंत शोचनीय स्थितीत परत आले.

येथपर्यंतची कथा कोणत्याही घरची आहे. पुढे मात्र निराळे घडले. डॉक्टरांना एक शस्त्रक्रिया करावयाची होती. त्यांना घराबाहेर काढण्याऐवजी, किंवा काही घडलेच नाही असे भासविण्याऐवजी, ॲन व विल्सन यांनी मिळून त्यांची शुश्रूषा केली व त्यांना कामावर उभे केले. शस्त्रक्रिया पार पाडून डॉक्टर लगेच घरी आले नाहीत. ज्यांचे ज्यांचे त्यांनी व्यसनापायी नुकसान केले होते त्यांच्या भेटी घेत, चुकांची भरपाई करण्याची तयारी दाखवीत ते गावभर हिंडले. त्यानंतर १९५० च्या नोव्हेंबरात मृत्यू येईपर्यंत त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या प्याल्याचा दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या जगभर पसरलेल्या संस्थेचा स्थापनादिन म्हणून पाळला जातो. म्हणजे ज्या संस्थेने पुढे असंख्य लोकांना मद्यातून सोडविले, तिचा जन्मदिवस हा एका घसरणीचा शेवटचा दिवस आहे.

विल्सन यांच्या पत्नी लोइस यांची गोष्टही तितकीच बोलकी आहे. पती दारूतून सुटल्यावर त्यांना केवळ आनंद व्हावयास हवा होता. परंतु एके दिवशी पती सभेला निघण्याची घाई करीत असता त्यांनी रागाने त्याच्या अंगावर पायातील जोडा फेकला. विचार करता त्यांना स्वतःच्या मनातील सल उमगला: वर्षानुवर्षे आपण जिवाचे रान करून जे साधले नाही, ते परक्या माणसांनी साधले! १९५१ साली लोइस यांनी एका सहकारी स्त्रीच्या साह्याने ‘अल्-अनॉन’ ही व्यसनी माणसांच्या आप्तांची स्वतंत्र संघटना उभी केली. पतीचे व्यसन पत्नीने निर्माण केलेले नाही, ते तिच्या ताब्यात नाही आणि ते बरे करणेही तिच्या हाती नाही, हे या संघटनेच्या शिकवणुकीचे सार आहे. ज्या स्त्रीला हे पटते तिच्या लेखी पतीचे घसरणे हा तिच्या प्रेमाचा अगर सेवेचा पराभव राहत नाही.

जोन जॅक्सन या अमेरिकन संशोधिकेने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दाखविली. पती पिऊ लागला की पत्नी हळूहळू घराची सूत्रे हाती घेते: पैसा, मुलांचे शिक्षण, नातेवाइकांचे व्यवहार. तो बरा झाला की त्याला पूर्वीचा मान हवा असतो आणि तिला तिजोरीची किल्ली सोडवत नाही. सुटकेनंतरच्या महिन्यांत घरात जी धुसफूस चालते तिचे मूळ पुष्कळदा येथे असते, आणि अशी धुसफूस हे घसरण्याचे एक प्रमुख निमित्त आहे. मार्लाट यांच्या निरीक्षणातही खिन्नता व चीड, जवळच्या माणसांशी कलह, आणि मित्रांचा आग्रह, ही तीनच निमित्ते बहुतेक घसरणींच्या मुळाशी आढळली. तात्पर्य, प्याला ओठी लागण्याच्या कित्येक दिवस आधी घसरण सुरू झालेली असते. झोप उडते, सभेला जाणे चुकते, जुन्या मित्रांचे नाव निघू लागते, ‘आता मला काही होत नाही’ अशी बढाई ऐकू येते. ही चिन्हे पत्नीच्या लक्षात बहुधा प्रथम येतात. पण ती बोलावी कशी, हे तिला कोणी शिकविलेले नसते.

महाराष्ट्रात हे शिकविण्याचे काम ज्या संस्थांनी केले त्यांत पुण्याच्या ‘मुक्तांगण’चे नाव अग्रभागी आहे. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केले. व्यसनी माणसाच्या उपचारात घरच्यांना सहभागी करून घेण्यावर तेथे प्रथमपासून भर असून, पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालविला जातो. आपल्यासारख्याच दहा जणी समोर बसल्या आहेत, एवढ्या दर्शनानेही मनावरचा अर्धा भार उतरतो.

मग दोघांनी नेमके करावे काय? पहिली गोष्ट, घसरण झाली तर काय करावयाचे हे शुद्धीच्या, शांततेच्या दिवशी ठरवून लिहून ठेवावे. त्याने किती तासांच्या आत खरे सांगावे, कोणाला दूरध्वनी करावा, त्या रात्री पैसे व वाहनाची किल्ली कोणाकडे राहावी, मुलांनी कोठे झोपावे, ही कलमे अशुभ मानून टाळू नयेत. आगीचा बंब ठेवल्याने घराला आग लागत नाही.

दुसरी गोष्ट, तो प्यालेला असताना वाद, जाब अगर उपदेश करू नये. दुसऱ्या दिवशी, डोके ताळ्यावर आल्यानंतर, ‘का प्यालात?’ असे न विचारता ‘आधीच्या तीन-चार दिवसांत काय काय घडले?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला सबबीवाचून उत्तर नसते. दुसऱ्यातून कारण हाती लागते.

तिसरी गोष्ट रोजच्या बोलण्याची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिमथी ओफॅरल यांनी दांपत्यांसाठी जी उपचारपद्धती विकसित केली, तीत एक लहानसा नित्यक्रम आहे. ठरलेल्या वेळी पती सांगतो की, कालपासून आपण प्यालो नाही व पुढील दिवसभर पिणार नाही, आणि पत्नीने दिलेल्या साथीबद्दल तिचे आभार मानतो. पत्नीही त्याचे आभार मानते. मागच्या पिण्याचे उट्टे आणि पुढच्या पिण्याची भीती, हे दोन्ही विषय उपचारकाच्या बैठकीपुरते राखून ठेवावयाचे. जन्मभराच्या शपथेऐवजी एका दिवसाचा शब्द दिल्याने तो पाळणे आवाक्यात येते, आणि रोज पाळलेल्या शब्दांतून विश्वास थेंबाथेंबाने साठतो.

औषधांविषयीही दोन शब्द अवश्य आहेत. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९४८ साली पुढे आणलेले डायसल्फिराम घेतले असता दारूच्या एका घोटानेही चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकारी होते, प्रसंगी जिवावरही बेतते. काही घरांत ते पतीला न कळत जेवणातून दिले जाते. हे कधीही करू नये. त्यात प्राणाचा धोका आहे, शिवाय उघडकीस येताच दोघांतील उरलासुरला विश्वासही नाहीसा होतो. हेच औषध वैद्याच्या सल्ल्याने, पतीच्या संमतीने व पत्नीच्या समक्ष घेतले तर उपकारक ठरू शकते. तसेच कित्येक दिवस सतत प्यालेल्या माणसाची दारू घरातल्या घरात एकाएकी तोडू नये. दोन-तीन दिवसांत आकडी अगर भ्रम होण्याचा संभव असतो. त्याला रुग्णालयात न्यावे.

शेवटी एका गैरसमजाचे निवारण केले पाहिजे. घसरण समजून घेणे म्हणजे ती सहन करीत राहणे नव्हे. जेथे हात उगारला जातो, मुले भयाने थरथरतात, किंवा पती उपचाराचे नावच काढू देत नाही, तेथे पत्नीने प्रथम आपले व मुलांचे रक्षण करावे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्या पाठीशी आहे. सिंधूप्रमाणे सर्वस्व अर्पून मरण्याचे बंधन आजच्या स्त्रीवर नाही. काही संसार वेगळे होतात, आणि त्यांतील काही स्त्रियांचा निर्णय योग्यच असतो.

परंतु जेथे पती दुसऱ्या सकाळी मान खाली घालून खरे सांगतो व पुन्हा वैद्याकडे जाण्यास निघतो, तेथे दोघांनी दिनदर्शिका समोर घेऊन बसावे. दोनशे चाळीस दिवस कोरडे गेले, एक दिवस ओला झाला. त्या दोनशे चाळीस दिवसांत यकृताने विसावा घेतला, मुलांनी बाप पाहिला, पतीने नकार द्यावयास शिकून घेतले. यांतील काहीही एका रात्रीत पुसले जात नाही. पत्नीला मात्र पूर्वीइतका विश्वास वाटण्यास पुन्हा वेळ लागेल, आणि तो वेळ मागण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. पतीने त्याबद्दल रुसू नये. तिने किती दिवस वाट पाहिली आहे, हे त्याच दिनदर्शिकेच्या मागील पानांवर लिहिलेले असते.